मेदबिंदू आणि दाह : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

गाठाळ कुष्ठरोगाच्या रुग्णाच्या कातडीचा बारीकसा तुकडा काढावा, मेणात बसवून त्याचे काप करावेत, नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावेत. नजरेस पडतात त्या फुगलेल्या, आत बुडबुडेच बुडबुडे असल्यासारख्या पेशी. विकृतिशास्त्राचे विद्यार्थी त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. रुडोल्फ फिरखो या जर्मन वैद्याने १८६०च्या दशकात त्यांचे वर्णन केले आणि आजही त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. नॉर्वेतल्या आर्मावर हान्सेनला कुष्ठरोगाचा जंतू दिसला तो १८७३मध्ये. म्हणजे रोगाचे कारण सापडण्याआधी त्याचा फेस सापडला होता.

मात्र त्या पोकळ्या खऱ्या पोकळ्या नव्हेत. तुकडा मेणात बसवण्याआधी अल्कोहोल आणि झायलीनमधून न्यावा लागतो, आणि त्यात पेशीतले सारे स्निग्ध द्रव्य विरघळून वाहून जाते. कापावर उरते ती फक्त त्याची जागा. जी वस्तू बघायची तीच आपण बघण्याच्या तयारीत धुऊन टाकत होतो. तुकडा गोठवून कापला आणि ऑइल रेड ओसारख्या मेदाला चिकटणाऱ्या रंगात बुडवला, तर त्याच जागी लालभडक ठिपके उमटतात. ही युक्ती जुनीच आहे. पण रोजच्या कामात ती कोण वापरणार? निदानाला तिची गरज पडत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांनी या पेशी पाहिल्या, ओळखल्या, निदान लिहिले आणि पुढच्या कापाकडे वळले. आत होते ते काय, कुणी ठेवले आणि कशासाठी, हे प्रश्न फार उशिरा विचारले गेले.

त्या प्रश्नांभोवती गेल्या तीसेक वर्षांत उभे राहिलेले शास्त्र, म्हणजे प्रतिकारपेशींतला मेद, त्यांचे चयापचय आणि दाह यांचा परस्परसंबंध, हा या ग्रंथाचा विषय. तो मराठीत आणि कोल्हापुरातून मांडला जातो आहे याला कारण आहे. कुष्ठरोग आणि क्षय हे दोन्ही रोग फेसाळ पेशींचे, आणि या दोघांशी झगडण्याचा इतिहास आपल्या पंचक्रोशीला जवळचा आहे. विल्यम वानलेस या कॅनेडियन मिशनरी डॉक्टरने १८९४मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. मिरजेतले रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय, सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीतले छातीच्या रोगांचे रुग्णालय, आणि कोल्हापुरात शेंडा पार्कातले कुष्ठधाम, ही नावे या भागातल्या जुन्या माणसांना सांगावी लागत नाहीत. पन्नासेक किलोमीटरच्या या पट्ट्यात फेसाळ पेशींच्या किती काचपट्ट्या पाहिल्या गेल्या असतील, त्याची गणती नाही. आता त्याच पट्ट्यातल्या दवाखान्यांच्या बाकांवर मधुमेह, हृदयविकार आणि मेदयुक्त यकृताचे रुग्ण बसलेले असतात. हे रोगही पुन्हा फेसाळ पेशींचेच, किंवा त्यांच्या सख्ख्या भावंडांचे. जुना फेस आणि नवा फेस एकाच गावात, बऱ्याचदा एकाच शरीरात भेटतात. मधुमेह असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

आधी पेशीच्या आत जाऊ. दाहाच्या जागी सर्वांत जास्त राबणारी पेशी म्हणजे भक्षकपेशी. जंतू गिळणे, मेलेल्या पेशींचा राडा उचलणे, धोक्याची वर्दी देणारी रसायने सोडणे आणि काम संपल्यावर जखम भरून येईल अशी व्यवस्था लावणे ही तिची कामे. या पेशीत, आणि खरे तर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत, मेदाचे सूक्ष्म गोल थेंब तयार होऊ शकतात. त्यांना आपण मेदबिंदू म्हणू. गाभ्यात ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलची एस्टरे, बाहेर फॉस्फोलिपिडांचा एकेरी थर, त्या थरावर पेरिलिपिनसारखी प्रथिने राखणीला. पेशीतल्या पटल असलेल्या बाकी सगळ्या अंगकांभोवती दुहेरी थर असतो. मेदबिंदूला मात्र एकेरी, कारण त्याच्या आत पाणी नसून तेल आहे. पेशीतल्या जाळीदार पटलांच्या दोन थरांमध्ये तेल साचत जाते, फुगवटा येतो आणि तोच पुढे मेदबिंदू होतो. मेदाम्ले ट्रायग्लिसराइडमध्ये बांधण्याचे शेवटचे काम डीगॅट नावाची विकरे करतात. त्यांतले डीगॅट-१ हे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्याच्यावरून भांडण आहे.

मेदाम्ले मोकळी फिरू लागली तर पेशीला ती विषासारखी बाधतात, पटले बिघडवतात. मोकळे कोलेस्टेरॉल जास्त झाले तर त्याचे स्फटिक बनतात, आणि २०१०मध्ये दाखवून दिले गेले की हे स्फटिक भक्षकपेशीतली दाहाची एक यंत्रणा थेट पेटवतात. त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा हे जहाल दाहद्रव्य बाहेर पडते. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत आले आहेत. माल आत बंद असतो तोवर टिकतो. पेव उघडायचे तर मात्र केव्हा आणि कसे हे जाणत्याने ठरवावे लागते, कारण आतली कोंडलेली हवा जिवावर बेतू शकते. मेदबिंदूचेही तसेच आहे. साठवण स्वतः निरुपद्रवी, किंबहुना रक्षण करणारी. प्रश्न येतो तो उघडण्याच्या वेळेचा, आणि उघडल्यावर बाहेर पडणाऱ्या द्रव्याचा.

बाहेर काय पडते? मेदबिंदूत ॲराकिडोनिक आम्लाचा साठा असतो. त्यातून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन ही दाहाची रसायने बनतात. ताप, वेदना, सूज यांत प्रोस्टाग्लँडिनांचा हात असतो, आणि ॲस्पिरिन त्यांचीच निर्मिती अडवते हे जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये दाखवले. त्यांना त्याबद्दल १९८२च्या नोबेलचा वाटा मिळाला. ॲस्पिरिन ज्या कच्च्या मालावरचा कारखाना बंद पाडते, तो माल पेशीत ठेवला कुठे जातो, ही चौकशी मात्र मागे राहिली. हार्वर्डमध्ये पीटर वेलर आणि ब्राझीलच्या पॅट्रिशिया बोझा यांनी पुढच्या काळात चिकाटीने दाखवून दिले की पांढऱ्या पेशींतले मेदबिंदू हे या रसायनांचे कोठार आहेत आणि ती तयार करणारी विकरेही तिथेच असतात. कोठार आणि कारखाना एकाच छपराखाली. २०२०मध्ये बार्सिलोनाच्या एका गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. जंतूंच्या विषद्रव्याची चाहूल लागताच मेदबिंदूंच्या पृष्ठभागावर जंतुनाशक प्रथिने गोळा होतात, असे त्यांना आढळले. जंतू तेलाच्या ओढीने मेदबिंदूजवळ येतो आणि तिथेच त्याला गाठले जाते, असा त्याचा अर्थ लावता येतो. मला हा शोध या क्षेत्रातला सर्वांत देखणा वाटतो. त्याचे सगळे तपशील टिकतील की नाही, ते काळ ठरवेल.

आता रक्तवाहिनी. १९१३मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय आनिच्कोव्ह आणि सेम्यॉन खालातोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खायला घातले. सशांच्या महारोहिणीच्या भिंतीत मेदाने भरलेल्या पेशींचे थर जमले. नुसते तेल खाल्लेल्या सशांना काही झाले नाही. आजही या प्रयोगाची मांडणी विद्यार्थ्याला शिकवण्यासारखी आहे. तुलनेचा गट नेमका कसा ठेवावा हे त्यात लख्ख दिसते. पण त्यानंतर काही दशके हा विषय रेंगाळला. १९७०च्या दशकात डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना एक कोडे पडले. भक्षकपेशींना साधे एलडीएल कोलेस्टेरॉल दिले तर त्या फारसे घेत नाहीत. मग त्या फेसाळ होतात कशा? १९७९मध्ये त्यांनी दाखवले की एलडीएलमध्ये रासायनिक बदल झाला, की भक्षकपेशी ते एका वेगळ्याच ग्राहीमार्फत हावऱ्यासारखे घेतात, आणि पोट भरले तरी तो दरवाजा बंद होत नाही. पुढे ऑक्सिडीभूत एलडीएलची कथा यातूनच वाढली. पाठ्यपुस्तकांत चित्र पक्के झाले : फेसाळ पेशी म्हणजे बिघडलेली पेशी, आणि बिघडलेली पेशी म्हणजे दाह पसरवणारी.

हे चित्र नीटनेटके आहे, आणि निदान उंदरांपुरते तरी अर्धे चूक आहे. २०१२मध्ये क्रिस्टोफर ग्लास यांच्या सॅन दिएगोच्या प्रयोगशाळेने दाखवले, की भक्षकपेशी फेसाळ होत असताना तिच्यात डेस्मोस्टेरॉल नावाचे द्रव्य साचते आणि ते दाहाची जनुके दाबते. २०१८मध्ये उंदरांच्या रक्तवाहिन्यांतल्या पेशी एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हा दाहाची जनुके जोरात होती ती फेसाळ नसलेल्या भक्षकपेशींत. फेसाळ पेशी तुलनेने शांत होत्या. ज्या पेशीला आपण शंभर वर्षे आरोपी ठरवले, ती निदान या प्रयोगांत आग विझवायच्या बाजूने उभी होती. माणसातही तेच, असा निष्कर्ष लगेच काढू नये. पण ‘मेद दिसला की दाह’ हे समीकरण घेऊन प्रयोगशाळेत शिरणाऱ्याने हे निबंध आधी वाचावेत.

मेदऊतीचे, म्हणजे पोटावर-मांड्यांवर साठणाऱ्या चरबीचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते आता बरेच प्रसिद्ध आहे. १९९३मध्ये गोखान होतामिशलिगिल, शारगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाहद्रव्य शोधले आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते हे दाखवले. चरबी ही नुसती साठवण नसून तिथे दाह चालू असतो, ही कल्पना तेव्हा पचायला जड होती. २००३मध्ये दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केले की त्या दाहामागे भक्षकपेशी आहेत. न्यूयॉर्कच्या गटाचा अंदाज असा : सडपातळ शरीराच्या चरबीत भक्षकपेशींचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत, लठ्ठ माणसांत ४० टक्क्यांच्या आसपास. चरबीची पेशी साठवून साठवून थकते, मरते. भक्षकपेशी तिच्याभोवती जमून सांडलेले तेल उचलतात आणि त्या खटाटोपात स्वतः फेसाळ होतात.

इथे डीगॅट-१चे भांडण येते, आणि या ग्रंथातला सर्वांत वाचनीय वाद तोच आहे. २०१०मध्ये एका प्रयोगात उंदरांच्या भक्षकपेशींत डीगॅट-१ मुद्दाम वाढवले. पेशींची साठवण्याची ताकद वाढली. मग त्या उंदरांना तेलकट खाणे दिले. अपेक्षा कुणाचीही असेल, की जास्त मेद म्हणजे जास्त दाह. झाले उलटे. उंदीर लठ्ठ झाले, पण दाह आणि इन्सुलिनचा बिघाड यांपासून वाचले. साठवण हे संरक्षण ठरले. दहा वर्षांनी, २०२०मध्ये, जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये भक्षकपेशींना जंतूंच्या विषद्रव्याने चेतवून डीगॅट-१ बंद केले, तेव्हा ट्रायग्लिसराइड साठणे थांबले आणि त्याबरोबर इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ यांचे उत्पादनही घसरले. म्हणजे इथे साठवण हे दाहाचे इंधन ठरले.

कोण खरे? माझ्या मते दोघेही. पहिल्या प्रयोगात महिनोन्‌महिने मेदाचा पूर लोटत होता आणि पेशीला त्यापासून स्वतःला वाचवायचे होते. दुसऱ्यात पेशीला काही तासांत युद्धसज्ज व्हायचे होते आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल आधी जवळ ठेवायचा होता. एकच विकर, एकच थेंब. वेळ आणि काम वेगळे. पुढच्या प्रकरणांत ‘मेदाने दाह वाढतो’ किंवा ‘मेदाने दाह कमी होतो’ असे विधान आले, की वाचकाने ताबडतोब तीन प्रश्न विचारावेत : कुठली पेशी, चेतवल्यापासून किती वेळाने, आणि मेद आला कुठून, बाहेरून की पेशीनेच तयार केला? निम्मे वाद एवढ्यावर मिटतात. उरलेले निम्मे खरे वाद असतात.

मेद पेशीनेच तयार केला, हे नवख्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. युद्धात उतरलेली पेशी साठवण कशाला करत बसेल? त्यासाठी तिचे चयापचय पाहावे लागते. चेतलेली भक्षकपेशी साखर भराभर जाळू लागते, प्राणवायू उपलब्ध असूनही अर्धवट मार्गाने. मायटोकॉन्ड्रियातले क्रेब्ज चक्र दोन ठिकाणी तुटते. एका तुटीवर सायट्रेट साचते, ते बाहेर येते आणि त्यापासून मेदाम्ले बनतात. दुसऱ्या तुटीवर सक्सिनेट साचते. २०१३मध्ये डब्लिनच्या ल्यूक ओनील यांच्या गटाने दाखवले की हे सक्सिनेट स्वतःच एक निरोप आहे आणि त्यातून इंटरल्युकिन-१ बीटाचे उत्पादन वाढते. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी क्रेब्ज चक्र परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. ते चक्र अर्ध्यावर थांबवून पेशी त्यातले रेणू निरोप म्हणून वापरते, हे कळल्यावर ती पाठांतराची शिक्षा थोडी सुसह्य होते.

याच्या उलट, दाह शमवणाऱ्या भक्षकपेशी मेदाम्ले जाळून जगतात, असे २००६पासून सांगितले जाऊ लागले. साखर जाळणाऱ्या त्या तापट, मेद जाळणाऱ्या त्या शांत, अशी सुटसुटीत विभागणी रूढ झाली. मलाही ती वर्गात शिकवायला सोयीची वाटते, म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास कमी आहे. तिचा बराचसा आधार एटोमॉक्सिर या मेदज्वलन रोखणाऱ्या औषधावर होता. २०१८मध्ये स्पष्ट झाले की जास्त मात्रेत हे औषध पेशीत भलतीच कामेही करते, आणि मेदज्वलन थांबले नसते तरी तोच परिणाम दिसला असता. जुने निबंध वाचताना औषधाची मात्रा पाहावी. शरीरातल्या खऱ्या भक्षकपेशी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, आणि दर दिवशी वेगळ्या ठिकाणी, असतात.

क्षयाकडे परत येतो. क्षयाचा जंतू भक्षकपेशीतच राहतो आणि मेद खाऊन जगू शकतो. २००८मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने दाखवले की फेसाळ भक्षकपेशी त्याला आसरा देतात. केरळात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले पी. ई. कोलात्तुकुडी यांच्या गटाने २०११मध्ये दाखवले की जंतू यजमान पेशीचे ट्रायग्लिसराइड उचलतो, स्वतःच्या अंगात तेलाचे थेंब करून ठेवतो आणि सुस्तावल्यासारखा पडून राहतो. अशा सुस्त जंतूवर औषधांचा परिणाम कमी होतो. एवढे वाचले की मेदबिंदू म्हणजे जंतूची शिदोरी, असे वाटू लागते. २०१८मध्ये दोन निबंध आले आणि गोष्ट फिरली. बर्कलीच्या सारा स्टॅन्ली यांच्या गटाला आढळले, की भक्षकपेशीत मेदबिंदू तयार होण्यासाठी तिचे स्वतःचे प्रतिकाराचे इशारे लागतात. जंतूच्या वाढीला ते बिंदू आवश्यक नसतात आणि पेशी त्यांच्यापासून बचावाची रसायने बनवते. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेतल्या शीतल गंडोत्रा यांच्या गटाने तिसरेच दार उघडले. जंतूमुळे काही पेशी फुटून मरतात. शेजारच्या पेशी त्यांचा मेद उचलून ट्रायग्लिसराइडच्या रूपात साठवतात आणि त्यामुळे दाहासाठी जास्त सज्ज होतात. फुप्फुसातल्या गाठीच्या मधोमध जो मऊ, पनीरसारखा मृत भाग असतो, त्याच्या कडेला फेसाळ पेशी का जमतात, याचा अर्थ इथून लागू लागतो.

कुष्ठरोगात दिशा पुन्हा वेगळी. फिरखोच्या पेशींतला मेद जंतूचा असावा असे बराच काळ मानले जाई. २००८मध्ये लॉस एंजेलिसच्या रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने दाखवले की त्यातला मोठा भाग रुग्णाच्याच शरीरातला असतो, आणि त्यातली ऑक्सिडीभूत फॉस्फोलिपिडे प्रतिकार बोथट करतात. एकाच कुळातले दोन जंतू, दोघांच्याही भोवती मेदाने फुगलेल्या भक्षकपेशी. क्षयात मेद दाहाला धार देताना दिसतो, गाठाळ कुष्ठरोगात तो जंतूला निवांतपणा देतो. दोन्ही रोगांच्या ऊती एकाच छपराखाली तपासल्या जातात अशी ठिकाणे जगात फार थोडी आहेत. आपल्या भागात ती आहेत.

पुण्याचा एक धागा इथे जोडायला हवा, कारण त्यामुळे ‘मेद किती’ हा प्रश्न मुळातच बदलतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. जन्मणारी बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे सगळ्या मापांत लहान. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळपास त्यांच्याइतकी. बारीक, तरीही मेदाळ. मग २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचाच जोडीने काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. शास्त्रीय नियतकालिकात एवढा मिश्कील आणि एवढा परिणामकारक फोटो विरळाच. हेच युडकिन चरबीतून बाहेर पडणाऱ्या दाहद्रव्यांचे अभ्यासक. पुढे याज्ञिकांच्या गटाने खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या पुरुषांत चरबी, दाहाच्या खुणा आणि रक्तातली साखर एकत्र तपासली.

कोल्हापुरात बसून हा फोटो पाहिला की खासबागचे कुस्ती मैदान आठवते. १७५ सेंटिमीटर उंचीचा, ९५ किलोचा पैलवान घ्या. त्याचा बीएमआय ३१ भरेल आणि कागदावर तो लठ्ठ ठरेल. त्याच्या शेजारी तिकीट काढून बसलेला, २२ बीएमआयचा, दंडापोटरीला मांस नसलेला आणि पोट किंचित सुटलेला कारकून कागदावर निरोगी. कुणाच्या चरबीत भक्षकपेशी जास्त फुगलेल्या असतील? वजनकाटा याचे उत्तर देणार नाही. तालीम सुटल्यावर, दूध-तूप-बदाम चालूच राहिल्यावर, त्या पैलवानाचे दहा वर्षांनी काय होते हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे, आणि तो कोल्हापूरइतका दुसरीकडे कुठे नीट होईल असे वाटत नाही.

उपचारांबद्दल वाचकांना उत्सुकता असणार. २०१७मध्ये कँटोस नावाच्या चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर इंटरल्युकिन-१ बीटा रोखणारे कॅनाकिनुमॅब हे औषध तपासले गेले. कोलेस्टेरॉल तसूभरही कमी न करता पुढचे झटके आणि तत्सम घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. दाह हा रक्तवाहिन्यांच्या रोगाचा साक्षीदार नसून भागीदार आहे, याचा हा माणसांतला सबळ पुरावा. पण त्याच चाचणीत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. क्षय घरोघरी असलेल्या देशात हे औषध सरसकट द्यावे का, हा प्रश्न बोस्टनपेक्षा मिरजेत जास्त टोकदार आहे. भक्षकपेशीच्या मेदात हात घालणाऱ्या कुठल्याही भावी औषधालाही याच प्रश्नाला तोंड द्यावे लागेल.

आणि हळद. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा रंग-वास नामी आहे, आणि व्याख्यानानंतर पहिला प्रश्न हमखास तिच्याबद्दल येतो. हळदीतले कर्क्युमिन काचेच्या नळीत दाह कमी करताना दिसते हे खरे. पण ते आतड्यातून फार थोडे शोषले जाते, अस्थिर आहे, आणि अनेक चाचण्यांत खोटा सकारात्मक निकाल देते. २०१७मध्ये औषधरसायनाच्या अभ्यासकांनी याचा सविस्तर हिशेब मांडला. हळद भाजीत घालावी. तिच्यावर प्रबंध करायचा असेल तर तो हिशेब आधी वाचावा.

या क्षेत्रात शिरायला फार मोठी सामग्री लागत नाही, म्हणूनच शिवाजी विद्यापीठाच्या आणि आसपासच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना इथे आग्रहाने बोलावावेसे वाटते. जीवरसायन, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, वैद्यक, कुठूनही आलात तरी चालेल. बोटभर रक्तातून मोनोसाइट वेगळ्या करता येतात. त्याच पुढे ऊतींत जाऊन भक्षकपेशी होतात. ऑइल रेड ओ स्वस्त आहे. भौतिकशास्त्राकडून येणाऱ्यांनाही जागा आहे : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर आयआयटीत रूप मल्लिक यांनी यकृतातले मेदबिंदू पेशीतल्या वाहक प्रथिनांकडून कसे ओढले जातात ते दाखवले, आणि इन्सुलिनचा त्या ओढीवर ताबा असतो हेही. पहिल्या वाचनात रेणूंच्या नावांनी दबून जाऊ नये. आधी रक्तवाहिनी आणि क्षयावरची प्रकरणे वाचावीत, मग चयापचयावरची. मेंदूतल्या मेदाळ पेशींवरचे प्रकरण शेवटी ठेवले तरी चालेल. अलोइस आल्झायमरने १९०७मध्ये आपल्या रुग्णाच्या मेंदूत मेदाने भरलेल्या पेशी नोंदवल्या होत्या, आणि २०२०पर्यंत त्यांच्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही, एवढे इथे सांगून ठेवतो.

काम सुरू करणाऱ्यांसाठी एक सूचना. चमचमीत, तेलकट जेवणानंतर काही तासांनी रक्तातल्या मोनोसाइट स्वतःच मेद उचलून फेसाळ दिसू लागतात. ज्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड आधीच जास्त असते त्यांच्यात हे विशेष दिसते. काही तासांपूर्वी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे जेवण झालेला स्वयंसेवक आणि उपाशीपोटी आलेला स्वयंसेवक यांची तुलना केली, तर निष्कर्ष रश्श्याबद्दलचा निघेल, रोगाबद्दलचा नव्हे. म्हणून नमुन्याच्या वहीत रक्त काढण्याची वेळ, शेवटचे जेवण किती वाजता आणि त्यात काय होते, हे रकाने वय-वजनाच्या आधी आखावेत. आणि ऊतीचा तुकडा मिळाला, तर तो मेणात जाण्याआधी त्यातला थोडा भाग गोठवून ठेवावा.